सर्पगंधेला आवतन

त्या बोळात आता एसीची दोन खोकी बसवली आहेत. दोन्हींचे पंखे फिरतात आणि गरम हवा समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळते. मागच्या महिन्यात एका लग्नासाठी नागपूरला गेले होते. हातात दोन तास होते, म्हणून जुन्या घरावरून चक्कर मारली. घर विकून तीस वर्षं झाली. नव्या मालकांची सून भली होती. "बघा ना मावशी, काय बघायचं ते," म्हणाली आणि फोनवर बोलत आत गेली. मी बाकी काही बघितलं नाही. घराच्या उत्तरेला, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक खाट जेमतेम मावेल एवढा बोळ आहे, तिथे जाऊन उभी राहिले. खाली आता फरशी घातली आहे. सर्पगंधा होती तिथे एसीचं पाणी साठवायला एक प्लास्टिकची बादली ठेवलेली होती.

हुरहूर वगैरे काही वाटली नाही. जुनी जागा बघून गहिवरणाऱ्यांतली मी नाही, उगाच खोटं कशाला सांगू? नाक मात्र आपल्या मर्जीने चालतं. त्या गरम झोतापाशी उभी राहून मी ओल्या वाळ्याचा वास शोधत होते.

साठ ते सत्तरच्या मधली गोष्ट. तेव्हा नागपूरचा उन्हाळा वाळ्याच्या ताट्यांवर निघायचा. चैत्र संपता संपता बुधवार बाजारातून वाळा यायचा, बांबूच्या कामट्यांमध्ये तो दाबून खिडकीच्या मापाच्या ताट्या बांधल्या जायच्या. सकाळी दहाला दारं-खिडक्या बंद. मग तासातासाला तांब्याने पाणी मारायचं. ताटी ओली झाली की आत अंधार, गारवा आणि तो वास. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. दूर कुठेतरी गिरणीचा भोंगा वाजायचा आणि त्यानंतरची शांतता आणखी तापल्यासारखी वाटायची. आम्ही मुलं फरशीवर उघड्या पाठीने लोळायचो आणि कोणाची जागा जास्त गार यावरून भांडायचो.

अशा गावात आईने जंगलातलं झाड जगवायला घेतलं होतं.

आईचे वडील रामटेकजवळच्या एका खेड्यात धानाची शेती करायचे आणि अडल्यानडल्याला जडीबुटी द्यायचे. मी चार वर्षांची असेन, तेव्हा ते आजारी पडले. आई भेटायला गेली आणि परत आली ती मांडीवर ओल्या गोणपाटाचं एक गाठोडं घेऊन. आत पळसाच्या पानांत गुंडाळलेली एक काडी होती. "बाबाने देली. आता जंगलात मिळत नाही म्हणे, मुळीसाठी लोकांनी सारी खोदून नेली," एवढंच ती बोलली. महिन्याभरात आजोबा गेले. आईच्या माहेरचं आमच्या घरात जे काही आलं त्यात पितळेची एक परात आणि ही काडी.

बोळात आमची नागपुरी काळी माती होती. पावसात पायाला चिकटायची आणि वैशाखात तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडायच्या. आईने ती गुडघाभर खणून काढली. खाली मुरूम घातला, वर कन्हान नदीची वाळू आणि शेजारच्या कडुनिंबाचा कुजलेला पाला. बाबांनी एक दिवस डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या मेहनतीत एक खोली वाढली असती." आईने हात धुतले आणि त्यांना चहा दिला. काडी वर्षभर काडीच राहिली. मला तर ती मेली असंच वाटत होतं. पुढच्या आषाढात एके सकाळी तिच्या बुडाशी तीन पानं दिसली, एकाच ठिकाणाहून फुटलेली. सर्पगंधेची पानं तशीच येतात, तिघी-तिघी मिळून.

ते झुडूप मोठं देखणं होतं असं नाही. माझ्या कंबरेच्या वर कधी गेलं नाही. लाल देठांवर पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ यायचे आणि पुढे वाटाण्याएवढी काळी, चकचकीत फळं. आई ती फळं दरवर्षी पेरायची. एकदाच दोन रोपं उगवली आणि आठ दिवसांत माना टाकून गेली. फांद्या लावून पाहिल्या, त्या कुजल्या. त्यामुळे झाड एकच राहिलं. पौषात पानं गळून ते पुन्हा काडी व्हायचं, आणि दर पौषात मी आईला विचारायची, "मेलं का गं?" ती म्हणायची, "झोपली आहे. आवाज नको करू."

मी सहा वर्षांची असताना धाकट्या काकांचं लग्न झालं आणि कमलकाकू घरात आली. ती काटोलची. तिच्या घरी संत्र्यांचा बगिचा होता, आणि हिवाळाभर तिच्या भावाकडून बसच्या टपावरून संत्र्यांची टोपली यायची. काकू हसायची तर तोंडावर पदर धरायचा विसरायची. सांबारवड्या इतक्या सुंदर करायची की ज्यांना कोथिंबिरीचा वासही चालत नाही असे बाबादेखील चार खायचे. तिला मागची खोली मिळाली होती, आणि त्या खोलीची खिडकी बरोबर बोळात, झाडाच्या वर उघडायची.

त्यानंतर झाडाला बरे दिवस आले. तोवर आई उन्हाळ्यात दोन वेळा बादल्या ओढायची. आता काकूच्या खिडकीच्या ताटीवर तासातासाला पाणी पडायचं आणि त्याचे थेंब दिवसभर खाली झाडाच्या बुडाशी. वरून कडुनिंबाची सावली, अंगावर वाळ्यातून गळणारं पाणी. ते झाड अशा थाटात मे महिना काढायचं की आम्हाला त्याचा हेवा वाटावा. काकू आतून ओरडायची, "जाऊबाई, तुमच्या पाहुणीले पाजलं बरं का पाणी!" आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पाज, तुलाच पुण्य."

चार उन्हाळे असे गेले.

मग एका श्रावणात काकूचं बाळ गेलं. तीन दिवसांचं होतं. त्याबद्दल तेव्हा घरात कोणी बोललं नाही आणि मला तरी काय माहीत असणार? मला आठवतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रस्ता. रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीची, त्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली होती, ढोल वाजत होते, लोक खोकला, खरूज, महागाई सगळं तिच्या गळ्यात बांधून "घेऊन जा गे मारबत" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. काकू दारात उभी होती. मिरवणूक गेली, रस्ता झाडून झाला, तरी ती तिथेच होती.

तिची झोप गेली. दिवसासुद्धा डोळा लागेना. तेच पीठ ती चारदा चाळायची. वरणात मीठ दोनदा पडायचं. पावसाळ्यात ताट्या काढून ठेवलेल्या असायच्या, तरी जेवताना मध्येच उठून ती खोलीत जायची आणि उघड्या खिडकीवर तांब्याने पाणी मारायची. पुढे स्टोव्ह पेटवून ती अंगणात जाऊन बसायला लागली. दोनदा भडका होता होता वाचला. काका वाईट नव्हते, थकले होते. आधी त्यांनी डॉक्टर केले, मग महाल भागातल्या एका वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हणाले, सर्पगंधेची मुळी द्या. पण बाजारातली नको, तिच्यात काय काय मिसळलेलं असतं. ताजी, पाच-सहा वर्षांची, आणि सगळीच्या सगळी लागेल.

काका घरी आले ते थेट आईसमोर उभे राहिले. वैद्यांचं बोलणं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. पुन्हा तीन-चार दिवसांनी त्यांनी विषय काढला. आई "पाहू" म्हणाली. तिसऱ्यांदा काकांचा आवाज चढला.

"वहिनी, झाड मोठं का माणूस मोठं?"

 त्या पंधरा दिवसांत आई बोळात अनेकदा गेली आणि नुसती उभी राहून परत आली. मी तिच्या बाजूची होते. अगदी मनापासून. मला काकू आवडत नव्हती असं नाही, पण आता ती काकू राहिली नव्हती, आणि झाड मात्र झाडच होतं. दहा वर्षांच्या मुलीचा हिशेब असा सरळ असतो. आज मला त्याची लाज वाटते.

मार्गशीर्ष संपला. काका बाबांना म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असंच म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहतो. फरक पडला नाही तर काटोलला पोचवून देतो. मग ती तिकडेच राहील." काकू तेव्हा तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी आई काकांना म्हणाली, "शनिवारी आवतन देतो. रविवारी काढू."

औषधी झाड असं उठून खणायचं नसतं. आजोबांची ती पद्धत आईने आम्हाला जेवताना कितीदा सांगितली होती. आदल्या सांजेला झाडाला आवतन द्यायचं, घरच्या कार्याचं देतात तसं. कोणासाठी, कशासाठी, तेही सांगायचं. मग सकाळपर्यंत कोणी त्याच्याजवळ जायचं नाही, काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, आपली सावली त्याच्यावर पडायच्या आत जायचं. लोखंड लावायचं नाही, खैराच्या खुंटीने खणायचं. आणि घरातून निघाल्यापासून मुळी हातात येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की मुळीतला गुण गेला. आवतन देऊन घ्यायला गेलं नाही तर झाड रुसतं, हेही त्यातलंच.

शनिवारी दिवे लागायच्या वेळी आई न्हाऊन बोळात गेली. मी कोपऱ्यावरून बघत होते. तिने झाडाच्या बुडाशी हळदीच्या अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली. पानं बहुतेक गळून गेली होती, शेंड्याला पाच-सहाच राहिली होती. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि घरात सहसा बोलत नसे अशा ठेठ माहेरच्या बोलीत बोलायला लागली.

"माये, उद्या सकाळी तुले घ्याले येतो. आमची कमल लय बीमार आहे. तिच्या डोळ्याले डोळा नाही. तिच्यासाठी चाल. नाही म्हणू नको."

एवढं बोलून ती तिथेच मुसमुसत बसली. उठताना तिने त्या काडीवरून हात फिरवला. माझ्याजवळून गेली तेव्हा तिचे डोळे वाहत होते आणि तिने मला पाहिलंही नाही.

ती आत गेल्यावर मी बोळात शिरले. नियम मला पाठ होते, म्हणूनच शिरले. मी झाडाच्या अगदी जवळ तोंड नेलं. "तू येऊ नको," मी म्हटलं. "आई म्हणाली तरी येऊ नको. काकू गेली तर जाऊ दे काटोलला. तू राहा." शंका नको म्हणून तेच पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने. मग अक्षतांमधली सुपारी उचलून कुंपणापलीकडे फेकून दिली आणि हात फ्रॉकला पुसत जेवायला गेले.

सकाळी अंधारातच मला जाग आली. थंडी कडाक्याची होती. आई खुंटी घेऊन मागच्या दाराने निघाली आणि मी गोधडी पांघरून तिच्या मागे. बोळाच्या तोंडाशी काकू उभी होती. न्हालेली, केस विंचरलेले, अंगात लग्नातली जांभळी शाल. पायाशी तिची पत्र्याची पेटी. गेल्या चार महिन्यांत ती मला इतकी नीटनेटकी दिसली नव्हती.

"जाऊबाई, खोदू नका," ती म्हणाली. "मी जाऊन राहिली काटोलले. पहिली बस सापडते. मले मुळी नको."

आई थांबली. तिने खुंटी छातीशी धरली होती. ती बोलू शकत नव्हती. एक शब्द निघाला असता तर मुळी वाया गेली असती, आणि मुळी काढायचीच नाही आहे हे तिच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. तिने नुसती जोरजोरात मान हलवली. काकूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. वाट पाहिली असणार, असं आता वाटतं. मग ती वाकून आईच्या पाया पडली, पेटी उचलली आणि घराला वळसा घालून समोरच्या बाजूला गेली. आईने खुंटी टाकून "कमल!" म्हणून हाक मारली तोवर काका उठले होते आणि रिक्षा थांबवत होते. ते तिला बसमध्ये बसवून, सोबत काटोलपर्यंत जाऊन आले.

तिच्या मनात एकदम हे कुठून आलं, ते घरात कोणालाच कळलं नाही. डोक्याचा आजार, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. पुढे उन्हाळ्याच्या आधी काका तिला आणायला दोनदा गेले. तिथे ती बरी आहे, झोपते, जेवते, बगिच्यात काम करते, पण यायला नाही म्हणते. दोन्ही वेळा काका एकटेच परतले. मला मात्र कारण ठाऊक होतं. झाडाने माझं ऐकलं होतं. पहिले काही दिवस मी त्या गुर्मीत होते. नंतर ती गुर्मी उतरली आणि भीती वाटायला लागली, आणि मी बोळात जाणं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीला ताटी लागलीच नाही. काका समोरच्या खोलीत निजायला लागले होते. आई पूर्वीसारख्या बादल्या ओढायची, पण कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी कडुनिंबाची मोठी फांदीही त्याच वर्षी उतरवली. मे महिन्यात बोळात दुपारी ऊन आलं. आषाढात आई रोज बघायला जायची, मग दिवसाआड, मग भाद्रपदात तिने ती काडी उपटली. मुळी हातभर लांब, वळणावळणाची आणि आतून कोरडी ठाक होती. "रुसली," आई म्हणाली. "आवतन देलं आणि नेली नाही." दुसरं एक वाक्य ती पुढे आयुष्यभर अधूनमधून म्हणायची, भांडी घासताना, वाती वळताना, कोणी ऐकत असो की नसो. "मी बोलली असती त्या वेळी तर?"

मोठी झाल्यावर मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. झाडाला कान नसतात. त्याला पाणी लागतं, सावली लागते, आणि दोन्ही गेलं की ते मरतं. या एका धड्याने मी स्वतःला केव्हाच निर्दोष सोडून दिलं होतं. उरला होता तो एक मजेदार किस्सा, आणि तो मी शिक्षकांच्या खोलीत डबे खाताना दोन-तीनदा सांगितलाही होता.

ऐंशीनंतर कधीतरी परीक्षेच्या कामासाठी मला काटोलला पाठवलं. काम दुपारीच संपलं आणि मी विचारत विचारत काकूच्या भावाच्या घरी गेले. पंधरा-सोळा वर्षांनी भेटत होते. काकू अंगणात भाताच्या तणसावर बसून संत्री निवडत होती, मोठी एकीकडे, बारकी दुसरीकडे. केस पांढरे झाले होते. मला बघून ती तशीच हसली, पदर न धरता. "अवं बाई, केवढी झाली तू!" म्हणाली. आईची, बाबांची चौकशी केली. काकांचंही विचारलं, शेजाऱ्याचं विचारावं तसं. तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि मीही संत्री निवडायला लागले. मन इतकं मोकळं झालं होतं की मला तो किस्सा सांगावासा वाटला.

"काकू, लहानपणी मी काय केलं होतं ठाऊक आहे?" मी हसत हसत सुरुवात केली. "आईने त्या सर्पगंधेला तुझ्यासाठी आवतन दिलं ना..."

"माहीत हाये मले," काकू म्हणाली. "हिवाळा होता. खिडकीले ताटी कुठे होती? मी आतच बसली होती, खिडकीखाली."

माझ्या हातात एक संत्रं होतं. ते कुठल्या ढिगात टाकायचं ते मला कळेना.

"दोनदा म्हटलं तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तिचे हातही थांबले नव्हते. "घरातले सारे माह्या तोंडावर गोड बोलत. तू झाडापाशी बोलून राहिली होती, तिथे काहून खोटं बोलशील? त्याच्या आधी जाऊबाईचं रडणंही ऐकलं होतं मी. म्हटलं, माह्यापायी त्या बाईच्या बापाचं एवढं एक झाड काहून मारायचं? एकानं जायचं आहे तर मी जातो. रातभर पेटी भरली. तवा पहिल्यांदा डोकं शांत होतं माहं."

मला बोलायचं होतं. मी दहा वर्षांची होते, असं काहीतरी. संत्रं मांडीवर ठेवून मी डोळे पुसले आणि नुसती तिच्या हातांकडे बघत राहिले. झाडाला कान नसतात या धड्याने इतकी वर्षं मी ज्याला निर्दोष सोडलं होतं ते झाडच होतं, मी नव्हते.

"रडू नको वं," काकू म्हणाली. "लेकरू होती तू. अन् मले काही वाईट नाही झालं इथे." मग काहीतरी आठवल्यासारखं तिने पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे वळून बसली. "पण ते सांग, जगलं ना ते? आता तर बोळ भरला असंन."

हो म्हणणं सोपं होतं. तिथून उठून, बसमध्ये बसून नागपूरला येता आलं असतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "तू गेलीस त्याच उन्हाळ्यात वाळलं."

 एवढा वेळ, स्वतःचं सगळं सांगताना कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"ते तरी जगाले पाहिजे होतं वं," ती म्हणाली.